तीन नंबर वॉर्ड, अविरोध

७ जानेवारी १९८४, शनिवार
सकाळी आंघोळ करून मारुतीपुढं नारळ फोडला आणि शामरावचं नाव घेतलं. देऊळ भरलं होतं. जयजयकार झाला. म्हणजे आमच्या तीन नंबर वॉर्डातून ग्रामपंचायतीला पुन्हा शामराव, आणि आता दुसऱ्या कोणी फॉर्म भरायचा नाही. अशीच रीत आहे. वडील होते तोवर नाव घ्यायचं काम त्यांचं. ते गेल्यावर माझ्याकडं आलं, कारण मारुतीची पूजा माझ्याकडं आली.
शामराव म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ. तिनं घरी शिरा केला. मला दोनदा वाढला.
दुपारी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. लाखोळीची डाळ फुलावर आहे, निळी-निळी.

८ जाने.
ग्रा.पं. झाली तेव्हापासून या वॉर्डात मतपेटी आलेली नाही. आमदार-खासदाराला मत देतो, शाळेत रांग लावून. आपल्या वॉर्डाचा मेंबर मात्र देवळात ठरतो. भंडाऱ्याचे लोक विचारतात, तुमच्याकडं भांडणं नाही होत का जी? मी सांगतो, नाही. सांगताना बरं वाटतं.
पहिले मेंबर आनंदराव पाटील. विहीर त्यांनी बांधली, तिचंच पाणी पितो. ते वारल्यावर राइस मिलचे शेठजी. मिल इथं, बिऱ्हाड भंडाऱ्यात. मिटिंगला जीप यायची. कधी शेठजी असायचे, कधी नुसती जीप. त्यांच्यानंतर शामराव. विजेचे खांब त्यानं आणले, रस्त्यावर मुरूम टाकला. वाईट म्हणता येत नाही.
तिघांत पहिलं नाव वडिलांनी घेतलं, पुढची दोन मी. आज सहज मनात आलं म्हणून लिहून ठेवतो.

१० जाने.
जेवायला बसत होतो तोच शामराव सायकलवर आला. बूट न काढता ओसरीवर चढला.
"भाऊजी, तुमचा नारळ वाया गेला."
कोष्टीपुऱ्यातल्या कौसाबाईनं फॉर्म भरला. वॉर्डाच्या खालच्या अंगाला विणकरांची घरं आहेत, तिथली ती. नवऱ्यासोबत माग चालवते.
सौ. म्हणाली, "बाईमानसानं? काहून, तिले घरी काम नाही का?"
सोमवारी, १६ तारखेला, दुपारी तीनपर्यंत फॉर्म मागं घेता येतो. तिनं घेतला तर शामराव अविरोध. नाही तर पेटी.
"तुमीच जाऊन सांगा," शामराव म्हणाला. "तुमचा शब्द ते मोडनार नाही. देवाचा मानूस म्हनतात तुमाले."
बरं म्हटलं.

११ जाने.
कोष्टीपुऱ्यात गेलो. कौसाबाई मागावर होती, नवरा महादेवराव खाली बसून सुताच्या कांड्या भरत होता. तिनं माग थांबवला नाही, तसंच बोलत राहिली.
म्हटलं, बाई, एकमतानं नाव ठरलं आहे.
"कोनाच्या एकमतानं जी? आमाले कोनी इचारलं?"
"तुमच्याकडचे येतात की देवळात."
"येतात नं. मागं बसतात. परसाद घेऊन येतात. म्याही खाल्ला, गोड होता."
महादेवराव हसला आणि लगेच खोकला.
मग तिनं खरं ते सांगितलं. शामराव बोडी बुजवणार. बोडी म्हणजे कोष्टीपुऱ्यामागचं लहान तळं. सूत तिथंच धुतात, ढोरं तिथंच पाणी पितात. ती बुजवून तिथं प्लॉट पाडायचे. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.
"सूत कुठं धुवाचं मंग? तुमच्या विहिरीवर येऊ का?"
मी टोपी काढून परत घातली.
"भाऊ, मारुतीनं शामरावचं नाव घेतलं म्हनतात. मारुती तुमच्यासंग बोलला का?"
"अवो, देवाधर्माचं नको बोलू," महादेवराव म्हणाला.
तेव्हा तिनं माग थांबवला. म्हणाली, "तुमी म्हनाल तं मागं घेतो. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पन तुमीच म्हना. आन् बोडी पाहून म्हना."
मागं घे असं न म्हणता परत आलो. सौ.ला सांगितलं, अजून ठरलं नाही. खोटं नाही, पण...

१२ जाने.
बोडीवर गेलो. पाळीवर चुन्याच्या रेघा मारल्या आहेत, पार काठापर्यंत. बाया त्या रेघांवरच सुताच्या लडी वाळवत होत्या. एकीनं मला पाहून पदर घेतला, दुसरी म्हणाली, "प्लॉट पाहाले आले का जी?" सगळ्या हसल्या.
संध्याकाळी शामरावकडं. त्यानं काही लपवलं नाही. उलट उत्साहानं सांगू लागला. भंडारा वाढून राहिलं, उद्या इथपर्यंत येईल. नोकरदार येतील, नाल्या येतील, नळ येतील. कोष्टीपुऱ्यालाही नळ देईन म्हणतो.
"सात तारखेला देवळात का नाही सांगितलंस?"
"तुमी इचारलं का?"
नव्हतं विचारलं. कधीच विचारत नाही. नाव आधी ठरतं, मी नुसतं घेतो.
निघताना म्हणाला, "तुमची बांधी तं नहराच्या पान्यावर हाये भाऊजी. बोडीचं तुमाले काय?"
बोलण्यात वाकडं काही नव्हतं. खरंच विचारत होता.

१४ जाने. संक्रांत, शनिवार
पूजेला बसलो, मन लागेना. शेंदूर लावताना एकाच जागी हात फिरत राहिला.
मारुतीनं आजवर कोणाचं नाव घेतलेलं नाही. मी घेतो. लोक त्याचं समजतात. मीही तसंच समजू लागलो होतो की काय, हे आज त्याच्यापुढं बसून विचारलं. उत्तराची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. प्रश्न माझ्यासाठी होता.
सौ.नं तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोला म्हणाली नाही. मग चुलीजवळून बोलली, "तुमी कोष्टीपुऱ्यात जाऊन आले, बोडीवर जाऊन आले, दादाकडं जाऊन आले. सांगाचं तेवढं सांगून नाही राहिले."
धाकटा असला तरी ती त्याला दादाच म्हणते.
"बोडी बुजवणार आहे तो."
"मंग? माह्या भावाले पाडसान का एका डबक्यासाठी?"
"पाडत नाही. लोक मत देतील. तो निवडूनही येईल."
"आन् नाही आला तं? मी माहेरी कोनतं तोंड घेऊन जाऊ?"
तिचं माहेर याच गावात, चार घरं सोडून.
हळदीकुंकवाला बाया आल्या. मी मागच्या दारानं बांधीकडं.

१५ जाने., रविवार
देवळात नेहमी बसणारे चौघं जण सकाळी घरी आले. पुढं वासुदेवराव, वडिलांचे सोबती. पंच्याहत्तरीचे, काठी टेकत आलेले.
"काय रे, तुह्यानं एक बाई समजावनं होत नाही?"
म्हटलं, काका, तिचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. देवळात बोलावू, सगळ्यांसमोर बोलू दे.
"बाईले देवळात? सभेत?" काकांनी काठी ओसरीवर आपटली. "तुह्या बापानं एक नाव घेतलं तं पानही हाललं नाही. दोन पार्ट्या झाल्या का गाव फाटते. जवळच्या गावात डोकी फुटली, पाहिलं ना?"
ते पाहिलं आहे. काका खोटं बोलत नाहीत. मतदानानंतर दोन वर्षं तिथं एका विहिरीवर दोन गटांचे दोन दोर होते.
चौघांतला एक म्हणाला, "तुमाले जमत नसन तं राहू द्या. उद्या सकाळी आमीच जातो चौघं. प्रेमानं सांगू. तहसीलले न्यायाले बैलगाडीही आनतो."
प्रेमानं. चार जण तिच्या अंगणात, वर गाडी तयार. महादेवरावाला खोकला. ती तरी किती वेळ...
काकांच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला, पण पाठीवर हात ठेवला नाही. नेहमी ठेवतात.
रात्री सौ. ताट वाढून आत गेली.

१६ जाने., सोमवार
पूजा आटोपून सरळ कोष्टीपुऱ्यात. कौसाबाई अंगण झाडत होती.
"सांगाले आले का जी?"
"हो. मागं घेऊ नको. मी इथं तीनपर्यंत बसतो."
झाडू हातात तसाच. मग आत गेली आणि ओसरीवर घोंगडी अंथरली. बसलो. माग सुरू झाला.
थोड्या वेळानं गाडी आली. चौघं उतरले. काका पुढं. मला पाहून थांबले. मी उठून नमस्कार केला आणि परत बसलो. ओसरी लहान, दाराला लागूनच. माझ्यावरून ओलांडून कोणाला आत जाता येईना. ओलांडायचं कोणी म्हणालंही नाही.
काका म्हणाले, "तू इथं कोनाचा मानूस म्हनून बसला?"
"वॉर्डातला."
"नारळ फोडला तवा कोनाचा होता?"
काका परत गाडीत बसले. चढताना हात द्यायला उठलो, त्यांनी दुसऱ्याचा धरला.
दुपारी शामराव. सायकल धरून उभा, आत येईना.
"उठा भाऊजी. लोक हासून राहिले."
"हसू दे."
"मले पाडाले बसले का?"
"नाही रे. बोडीचं जे मला सांगितलंस ते घरोघरी सांग. लोकांना पटलं तर तुलाच मत देतील. मलाही पटलं तर मीही देईन."
"आन् नाही पटलं तं?"
त्याचे डोळे भरले होते. हा लहान असताना माझ्या लग्नात माझ्या मांडीवर झोपला होता. मी हाक मारेपर्यंत सायकल वळली होती.
महादेवरावानं जेवायला ताट लावलं. खाल्लं. घरून डबा येईल असं वाटलं नव्हतं, आलाही नाही.
तीन वाजून गेल्यावर उठलो. आता भंडाऱ्याला धावत गेलं तरी फॉर्म मागं घेता येत नाही. महादेवराव म्हणाला, "भाऊ, आता काय होईन?" ठाऊक नाही म्हटलं. मतदान २९ तारखेला. कौसाबाई मागावरून उठून दारापर्यंत आली.
सौ. दारात उभी होती. मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. तोंड दुसरीकडं करून पाण्याचा गडवा पुढं केला.
पाय धुतले. मत कोणाला द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.