अडकलेली रिंग

४ नोव्हेंबर
ब्राह्मी आज दारात उभी — पिशवीत धामण! शेजारच्या बंगल्यात धरलेली. "काकू, कॅमेरा घ्या. सोडतानाचा फोटो पायजे." सूनबाई उत्कर्षा जिन्यातून ओरडली, "आई, आधी आत या!" तरी गेले. पाण्याच्या टाकीसमोरच्या माळापर्यंत. हे गेल्यापासून तीन वर्षांत विश्रामबागेतल्या या घरापासून एवढीच लांब.

जैन शेतकऱ्याची पोर. मुंगीलाही वाट देणारं घर, आणि हिच्या हातात साप. आजी म्हणते म्हणे, "मारत न्हाईस न्हवं? मग धर."

५ नोव्हेंबर
धामणीचा खवला न् खवला आलाय. मागे मात्र काही नाही. बाभळीतून आलेल्या उजेडाचे नुसते बत्तासे — मधले वाटोळे, कडेचे चेपलेले. माझी शाळा चौथीपर्यंत. ह्यांच्या कॅमेऱ्याच्या पुस्तकावर अक्षर अक्षर जोडत पुढचं वाचायला शिकले. त्यात आहे — लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की मागचं असं विरघळतं.

६ नोव्हेंबर
वीरधवलला म्हटलं, कोरेगावला जाऊन ह्यांचा स्टुडिओ बघून येते. "कुलूप गंजलंय, आई. उघडत नाही." झालं. मुलापुढे काय बोलणार.

९ नोव्हेंबर
ब्राह्मीचं तोंड उतरलेलं. कुणीतरी तक्रार केलीय — ही साप सोडत नाही, विकते! वनखात्यातल्या साहेबांनी फोटो मागवले. "काकू, ते म्हणाले, यात जागा कुठाय? टाकी म्हंजे नुसता पांढरा डाग. पुढच्या फोटोत जागा वळखू आली न्हाई तर माझं सर्पमित्राचं वळखपत्र जाणार."

"मोबाईलवर काढ की."

"एका हातात आकडी, एका हातात शेपूट. मोबाईल काय दातात धरू?"

हसलो दोघी. मग म्हणाली, "आवं, ती छिद्राची रिंग फिरवा की जरा." म्हटलं, अडकलीय. सगळ्यांना हेच सांगते.

एक पॉइंट आठ — छिद्र पूर्ण उघडं. ह्यांनी शेवटचा फोटो काढला तेव्हाचा आकडा. माझाच फोटो, गॅलरीत. मागची सगळी सांगली धूसर. त्या रिंगेवर त्यांचं बोट होतं.

१२ नोव्हेंबर
दुपारभर कॅमेरा मांडीवर. बाकी काही नाही.

१४ नोव्हेंबर
आज नाग! त्याच माळावर. ब्राह्मी पिशवीचं तोंड सोडता सोडता म्हणाली, "काकू, ह्यो काय परत यायचा न्हाई फोटोला." मी रिंगेवर बोट ठेवलं. नाग फणा काढून उभा. टक् टक् टक् — अकरा, छिद्र बारीक. मग बटण दाबलं.

नाग आहे, ब्राह्मी आहे, आणि मागे टाकी, तिची शिडी, तिच्यावरचा नंबरसुद्धा!

१७ नोव्हेंबर
ब्राह्मीचं ओळखपत्र राहिलं.

रिंग अडकली नव्हतीच. लोण्यासारखी फिरली. काल वीरधवलला विचारलं, कुलूप गंजलंय हे बघायला तू कधी गेला होतास? त्यानं स्टुडिओची किल्ली काढून दिली.

साताऱ्याच्या एसटीत बसून लिहितेय. पुढे कोरेगाव. पिशवीत किल्ली आणि खोबरेल तेलाची बाटली.