एका पोर्टला दोन पत्ते

सोमवार, ३ मार्च

शुक्रवार! फक्त शुक्रवारपर्यंत!

मालकीणबाईंनी सकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं — नवीन सहा मशीनं येतायत, तेव्हा कारखान्यातल्या प्रत्येक मशीनला नवा आयपी अ‍ॅड्रेस. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जे नव्या पत्त्यावर येणार नाही ते भंगारात. हे सगळं करायचं कुणी? अर्थात मी. कॉम्प्युटरला हात लावणारी इथे मी एकटीच.

चूक त्यांचीही नाही. ज्याने पहिल्यांदा नेटवर्क बसवलं त्याने मोजून चौदा पत्त्यांची मालिका दिली होती. त्यात नव्या सहांना जागा नाही. नवी मालिका ऐसपैस आहे. अकरा मशीनांपैकी दहांचे पत्ते बदलणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

अकरावी म्हातारी.

म्हातारी म्हणजे खोकी कापायचं सगळ्यात जुनं मशीन. तिचा पत्ता तिच्या बोर्डातच कायमचा बसवलेला आणि ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. सगळ्यांची वायर जिथे येऊन खोचते त्या राउटरच्या पोर्टचा पत्ता बदलला की तिच्यापर्यंत डिझाइन पोचणारच नाही. आणि तिच्यावर एकवीस वर्षं फक्त मामा काम करतात. खरे मामा नव्हेत, सगळ्यांचेच मामा. म्हातारी गेली की मामाही घरी. मी लागले तेव्हा खोकं कसं उलगडतात हे मला मामांनीच शिकवलं होतं. मी हे होऊ देणार नाही. नाही म्हणजे नाही!

मंगळवार, ४ मार्च

भंगारवाला आला टेप घेऊन. हा भलता उत्साही. मामांनी टेपचं दुसरं टोक धरलं! वर त्याला सांगतायत, "दारातून आडवी निघणार नाही, उभी काढा." मला तर बघवेना. माणूस किती गिळतो मनातल्या मनात.

बोर्ड उघडून बघितला. काही उपयोग नाही.

रात्री जेवताना आईपुढे रडगाणं गायले. आई म्हणाली, "अगं, आपल्या घराला नवा नंबर मिळाला तेव्हा मी जुनी पाटी कुठे काढली? दोन्ही नंबरांची पत्रं येतात की."

घास हातातच राहिला.

बुधवार, ५ मार्च

होतं! होतं! होतं! एकाच पोर्टला दोन पत्ते देता येतात!!

गुरुवार, ६ मार्च

आधी फजिती लिहून टाकते, म्हणजे सुटले.

सगळं कागदावर लिहून काढलं होतं. जुना पत्ता आहे तसा ठेवायचा, नवा जोडायचा, आणि ओळीच्या शेवटी एक शब्द लिहायचा — सेकंडरी. म्हणजे राउटरला कळतं की हा पत्ता जास्तीचा आहे. तो शब्द नसेल तर राउटर समजतो, जुना पुसा आणि हा लावा. खरं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायला हवं होतं. पण धीर कुणाला! सव्वादहालाच बसले, ओळ लिहिली, एंटर दाबलं.

शेवटचा शब्द राहिला.

स्क्रीन गोठली. माझा कॉम्प्युटरही त्याच पोर्टवर, म्हणजे मी बसलेली फांदी मीच तोडली. अकराच्या अकरा मशीनं मुकी. सुपरवायझरचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत — त्याला आम्ही भोंगा म्हणतो ते उगाच नाही — "कोणी काय केलं रे?" मी जिन्यावरून धावले, राउटरचं कपाट उघडलं आणि सरळ वीज बंद केली. नशीब, केलेलं सेव्ह केलं नव्हतं. परत चालू केल्यावर राउटर जुन्याच पत्त्यावर उठला. चार मिनिटं गेली.

भोंग्याला म्हटलं, माझ्याकडून झालं. तो इतका चकित झाला की ओरडायचंच विसरला.

मग शहाण्यासारखी जेवणाच्या सुट्टीत परत बसले. ओळ मोठ्याने वाचली. शेवटचा शब्द दोनदा वाचला. एंटर! एक मशीन नव्या पत्त्यावर नेऊन बघितलं — बोललं! म्हातारीला जुन्या पत्त्यावर डिझाइन पाठवलं — तीही बोलली! एकच वायर, एकच पोर्ट आणि दोन्ही पत्त्यांना ओ देतोय! मी खुर्चीतच नाचले. सेव्ह केलं. पुन्हा एकदा सेव्ह केलं. एकदा दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात.

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी मालकीणबाई, भोंगा, सगळे जमले. नऊ मशीनं मी सकाळीच हलवली होती. शेवटी म्हातारी. डिझाइन पाठवलं. दोन सेकंद काहीच नाही. मग तिने तो खोकल्यासारखा आवाज केला आणि कापायला लागली! टाळ्या! मालकीणबाई स्वतः म्हणाल्या, "शाबास पोरी. मग राहू दे तिला. तिच्यासारखं जाड पुठ्ठ्याचं काम नव्यांना जमत नाहीच." भंगारवाल्याला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

मामांकडे बघितलं. म्हातारीच्या झाकणावर हात ठेवून नुसते उभे. शेवटी म्हणाले, "हुशार आहेस हो तू." आणि पाणी प्यायला निघून गेले. किती भरून आलं असेल! मलाही आलं.

आज मी कुणाचं तरी काम वाचवलं. या हातांनी!

शनिवार, ८ मार्च

आईला पेढे नको, साडी नको, काहीच नको म्हणे. "माझ्या पाटीमुळे झालं एवढं सगळ्यांना सांग." सांगितलं! भोंग्यालासुद्धा.

सोमवार, १० मार्च

मामा आज पहिल्यांदाच उशिरा आले. तिकीट परत करायला गेले होते. येत्या शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचं, लेकीच्या गावचं, फक्त जाण्याचं. मामी चार वर्षांपासून तिथेच आहेत, यांची वाट बघत. जुन्या मालकांना यांनी शब्द दिला होता — म्हातारी चालतेय तोवर मी सोडून जाणार नाही.

मी म्हटलं, "मामा, अहो, मला आधी का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "तू विचारलंस कुठे?"