गाळलेली सात मिनिटं

सर, तुम्ही आम्हाला दाखवलेला तो सिनेमा पुरा नव्हता. हे मला मागच्या महिन्यात कळलं, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर. तेव्हापासून मी घरात भांडी आपटते आहे, आणि घरात माझ्याशिवाय कुणी नाही, त्यामुळे तो आवाज मलाच ऐकावा लागतो. तुम्ही समोर असता तर तुमच्यावर आवाज चढवण्याची माझी हिंमत झाली नसती, हेही खरं. पण तुम्ही समोर नाही, तेव्हा ऐका.

परदेशात कुठेतरी दोन माणसं आहेत. एका खोलीत त्यांची कंपनी, कंपनी म्हणजे ते दोघंच. मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेले जुने सिनेमे ते शोधून काढतात, साफ करतात आणि थोड्याशा डिस्क काढून विकतात. त्यांच्या यादीत मला आपल्या सिनेमाचं नाव दिसलं. मोबाइलवर सिनेमे दाखवणारे जेवढे म्हणून आहेत, त्या सगळ्यांकडे मी तो कित्येक वर्षं शोधला होता. तिथे हजार सिनेमे असतात आणि हवा तो नसतो, आणि कधी असलाच तर पुढच्या महिन्यात काढून टाकतात. मी डिस्क मागवली. ती यायला दोन महिने लागले, आणि लावली तर टीव्हीवर पाटी आली की ही डिस्क तुमच्या भागात चालणार नाही. भाग! जगाचे तुकडे पाडून कुठल्या तुकड्याने काय बघायचं हे ठरवणारे लोक अजून आहेत. मी डिस्क पिशवीत घातली आणि धारच्या बाजारात टीव्ही-फ्रिजच्या दुकानात गेले.

“मॅडम, ये डिस्क-विस्क अब कौन देखता है? नया टीवी ले लो, सब आता है उसमें,” दुकानदार म्हणाला.

“सब आता है? तो ये निकाल के बताओ,” म्हणून मी सिनेमाचं नाव कागदावर लिहून दिलं. त्याने दहा मिनिटं शोधलं, डोकं खाजवलं, आणि आतल्या माणसाला हाक मारली, “अरे भिया, वो पुराना प्लेयर पड़ा है क्या ऊपर? मॅडम मानने वाली नहीं हैं.” माळ्यावरून प्लेयर उतरला. रिमोटवर कुठलेसे चार आकडे दाबून त्याने भागाभागाचं ते कुलूप उघडून दिलं. “लो मॅडम, अब पूरी दुनिया की चलेगी.” एवढं सोपं होतं ते. चार आकडे.

घरी येऊन लावला, तर पहिला धक्का असा की सिनेमा रंगीत आहे. त्या बाईचा कोट पिवळाधमक आहे, सर! तुमचा पुतण्या परदेशातून पंधरा दिवसांसाठी ती कॅसेट घेऊन आला होता. तिकडची कॅसेट आपल्या मशीनवर लावली की चित्र काळंपांढरंच दिसायचं, हे आज मला माहीत आहे, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही कुणाचं तरी दुसरं मशीन मागून आणून तिची नक्कल केली, आणि आम्ही मुलींनी बघितली ती नक्कलच. मी त्यावर निबंध लिहिला होता. ‘काळ्यापांढऱ्या रंगांतून बाईचं उदास जग दिसतं’ असं अख्खं पान लिहिलं होतं, आणि तुम्ही समासात ‘छान’ असा शेरा दिला होता. ते आठवून मला हसू आलं. ती मशीनची चूक होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तो रविवार मला नीट आठवतो. देवासला टेकडीखालच्या तुमच्या घरी पुढच्या खोलीत आम्ही अकरा मुली सतरंजीवर बसलो आहोत. इंदूरच्या थिएटरातसुद्धा न येणारा सिनेमा आपल्याला बघायला मिळतो आहे, म्हणून छाती फुगलेली. त्यात समुद्रकाठच्या गावातली एक बाई आहे, घरी तिरसट नवरा. एक दिवस ती सकाळी घर सोडून निघते, दिवसभर गावात हिंडते, धक्क्यावर बसून सुटणाऱ्या बोटी बघते, आणि संध्याकाळी परत येते. हात धुते, टेबलाशी बसते. नवरा न बोलता पाव कापून तिच्यासमोर ठेवतो. ती पावाकडे बघते. आणि तिथे पडद्यावर मुंग्या.

“संपला?” कुणीतरी विचारलं.

“संपला,” तुम्ही म्हणालात. “हे सिनेमे असेच संपतात. पुढचा विचार आपण करायचा.”

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या. “अगंबाई, झाला पण? माझे पोहे अजून परतायचेत.” आणि तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणालात, “तू चहा टाक आधी.” काकूंनी आदल्या दिवशी तुमच्याबरोबर तो पुरा बघितला होता. त्या वेळेच्या हिशेबाने पोह्यांना लागल्या होत्या. मी त्या वाक्यावर इतकी वर्षं एकदाही विचार केला नाही. पोहे उशिरा झाले म्हणून आम्हीच काकूंना हसलो होतो.

आता पुढचं सांगते, तुम्हाला माहीत असलेलंच. ती बाई पाव खाते. सगळा खाते, हावरटासारखा, बोटांना लागलेले तुकडेसुद्धा. तिला भूक लागली होती म्हणून ती घरी आली होती. मग उठते, तो पिवळा कोट घालते आणि बाहेर पडते. शेवटच्या बोटीत बसते. तिचा चेहरा दाखवतच नाहीत. नुसती पाठ, आणि गाव लांब लांब जातं, आणि त्यावरून नावं सरकायला लागतात. सात मिनिटं. मी तीनदा मोजली.

त्या डिस्कवाल्या दोघांनी ती सात मिनिटं एकेक चित्र साफ करून जगाला परत दिली. तुम्ही नक्कल करताना एका बटणावर बोट ठेवून ती आमच्यापासून लांब ठेवलीत. निबंधात मी लिहिलं होतं की ‘परत येणं हाच या बाईचा पराक्रम आहे.’ ते वाक्य तुम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवलंत, सर. शाबासकी म्हणून मला तुमचं शाईचं पेन दिलंत. वाचताना तुमचा आवाजसुद्धा हलला नाही.

मी तुमची बाजू मांडून बघितली, नाही असं नाही. लहान गाव, हिंदी शाळांतून आलेल्या मुली. एखादीने घरी जाऊन सांगितलं असतं की सरांनी नवरा सोडणारी बाई दाखवली, तर वडीलमंडळी कॉलेजवर आली असती, आणि मुलींचं सिनेमा बघणं कायमचं बंद झालं असतं. अर्धा दाखवलात म्हणून निदान अर्धा तरी मिळाला. ठीक आहे, तो रविवार मी तुम्हाला सोडून देते.

पण लग्नानंतर चौथ्या वर्षी मी बॅग घेऊन धारहून बसने आले, माहेरी न जाता आधी तुमच्याकडे आले, त्या दिवसाचं काय? यांनी माझी सगळी पुस्तकं रद्दीवाल्याला घातली होती आणि दोन महिने माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी ते सांगितलं. काकू पोळ्या लाटत होत्या. तिथे कुणाचे वडील नव्हते, कॉलेज नव्हतं. मी पंचविशीची बाई होते, स्वतःच्या पायावर उभी. तुम्ही आधी रागावलात. “शिकलेल्या मुलीने असं बॅग उचलून निघावं?” आणि मग, अगदी मायेने, “तो सिनेमा आठव. तूच लिहिलं होतंस ना, परत येणं हाच पराक्रम?” काकूंचं लाटणं थांबलं. त्या म्हणाल्या, “अहो, पण त्या सिनेमात...” आणि तुम्ही म्हणालात, “पोळी करपतेय.”

मी संध्याकाळच्या बसने धारला परतले. त्यानंतर बावीस वर्षं, हे जाईपर्यंत. आता लोक म्हणतात, माणूस वाईट नव्हता. लोकांना त्यांच्यासमोर बसून रोज जेवावं लागलं नाही. तुम्ही एक वाक्य सांगायचं होतंत, सर: ती बाई जाते. मग मी गेले असते की राहिले असते, ते माझं मी बघितलं असतं. कदाचित राहिलेही असते. पण राहायचं ते शेवट माहीत असून राहिले असते. तुमच्या तेराव्याला मी उभी राहून बोलले की सरांनी आम्हाला देवासमध्ये बसून जग दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू तेवढ्या खाली बघत होत्या.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तुमची ती नक्कल तुम्हीच मला दिली होती, आणि मी धारच्या कॉलेजात माझ्या मुलींना दरवर्षी तीच दाखवली. आधी कॅसेट, मग सीडीवर उतरवून. पडद्यावर मुंग्या आल्या की मी दिवा लावायची आणि म्हणायची, “हे सिनेमे असेच संपतात.” तुमच्याच आवाजात. आणि सात वर्षांपूर्वी त्यातली एक मुलगी माझ्याकडे आली. खातेगांवला दिलेली, घरी गहू-सोयाबीनची मोठी शेती, हाताला भाजल्याचा डाग. स्टाफरूममध्ये खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, “मॅडम, मला परत नाही जायचं.” मी तिला पाणी दिलं आणि सिनेमा आठवायला सांगितलं. ती म्हणाली, “वो तो लौट आती है ना, मॅडम?” मी म्हणाले, “हो.” ती उठली, माझ्या पाया पडली आणि गेली.

तुम्हाला खरं माहीत होतं, मला नव्हतं. महिनाभरापूर्वीपर्यंत आपल्या दोघांत एवढा तरी फरक होता. आता मला माहीत आहे, आणि मी तिला फोन केलेला नाही. तिचा नंबर आहे. दर दिवाळीला पणतीचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, ‘मॅडम, सब ठीक है.’ मी रोज सकाळी तिचं नाव उघडते, बघते आणि बंद करते. स्वतःला सांगते की आता तिला मुलं असतील, बसलेली घडी कशाला मोडायची. हे अगदी तुमच्यासारखं बोलणं आहे, ते मला ऐकू येतं.

तुम्हाला एवढी पानं लिहिली, सर, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. ती देईल. मला त्याची भीती वाटते.