चोविसावर एक शून्य

तीर्थस्वरूप दादांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. इकडे सगळे खुशाल आहोत. म्हणजे तुमची बहीण खुशाल आहे, आणि तीच तर माझी तक्रार आहे.

तुमचा तो वर्गमित्र, दातांचा डॉक्टर, याने बागेत रविवारी सकाळी गाण्याचा गट काढलाय. (शाळेत तो तुमच्या वह्या उतरवायचा, हे तुम्हीच सांगितलं होतं. मी विसरलेलो नाही.) तुमची बहीण त्यात जाते. जाऊ दे, मी काही जळत नाही. पण बावीस वर्षं माझा माउथ ऑर्गन सुरू झाला की जी बाई खिडक्या लावून घ्यायची (शेजाऱ्यांसाठी, असं तिचं म्हणणं), ती आता रविवारी सहाला उठून आरशासमोर गळा साफ करते. घड्याळदुरुस्तीत माझा उभा जन्म गेला, पण घरातलं माणूस इतकं वेळेवर चाललेलं मी पाहिलं नव्हतं.

म्हणून मीही मंडळ काढलं. आम्ही चौघं: मी, कोपऱ्यावरचा औषधवाला, निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांचे ऐकू न येणारे साडू (आमच्या वादनाला नावं न ठेवणारे तेवढेच). बागेत मधोमध छपराचा गोल चौथरा आहे, तो मागायचा ठरवला. उद्यान कार्यालयाच्या खिडकीशी गेलो, तर रांगेत माझ्यापुढे तुमचा डॉक्टर! त्याच्या अर्जावर मी सहज नजर टाकली (सहज म्हणजे टाचा उंचावून). अपेक्षित उपस्थिती: चोवीस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याच रकान्यात मी दोनशे चाळीस लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, पंचवीसपर्यंत काही भरावं लागत नाही. नीट आठवून सांगा." डॉक्टर कागदाची घडी घालत तिथेच रेंगाळत होता. मी म्हणालो, "कमीच धरलेत."

मग मोठ्या कार्यक्रमाचं शुल्क आलं, अनामत रक्कम आली, दोन सुरक्षारक्षक आणि दोन फिरती शौचालयं आली, सगळं माझ्या खर्चाने. शिवाय निम्मी तरी माणसं जमली नाहीत तर वर्षभर परवानगी बंद. तुमच्या बहिणीला सांगितलं, घड्याळांचे सुटे भाग मागवलेत.

रविवारी आम्ही सुरू केलं. समोर दोरी बांधलेली रिकामी हिरवळ आणि तिच्या दोन टोकांना दोन रक्षक. तळ्यापलीकडे डॉक्टरचा गट गात होता, फुकटात. एवढ्यात तुमची बहीण लगबगीने आमच्याकडे येताना दिसली. माझा ऊर भरून आला, मी तिच्या आवडीचं गाणं धरलं. ती माझ्यासमोरून थेट शौचालयात गेली. (बागेतलं शौचालय नळाच्या कामासाठी बंद होतं.) पाठोपाठ तिचा अख्खा गट तिथे रांगेत. उद्यानाचे पर्यवेक्षक मोजायला आले आणि त्यांनी ती रांगही माझ्या नावावर लावली. तरी सत्तावीसच भरले. चोवीस आणि चार अठ्ठावीस होतात, एक माणूस कुठे गेला, म्हणून मी हुज्जत घातली. ते म्हणाले, "काका, निम्म्यालाही नव्वदावर कमी आहेत, तुम्ही एकाचं काय घेऊन बसलात?"

चौथरा वर्षभरासाठी गेला, मंडळ मोडलं. साडूंना ते सांगायचं राहून गेलंय, ते बहुधा अजून वाजवत असतील.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा (अजिबात न जळणारा)
मेहुणा

ता. क. डॉक्टरकडे चोवीस आहेत, म्हणजे फुकटातली आणखी एकच जागा उरते. तुम्ही शब्द टाकलात तर तो नाही म्हणणार नाही. मी गाणार नाही, नुसती साथ करीन. मागची रांग चालेल, फक्त तुमची बहीण दिसली पाहिजे.

आणखी एक. औषधवालाही त्याच जागेवर टपलाय. त्याचं पत्र आलं तर उघडू नका.

आणि हे शेवटचं. खरं सांगतो दादा, जळतो मी. ती स्वयंपाकघरात गुणगुणत असते आणि मी आलो की थांबते. डॉक्टरसमोर थांबत नाही.

(यापुढचं अक्षर माझं आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. दादा, गटात आम्ही तेवीसच आहोत. चोविसावं नाव यांचं, पहिल्याच दिवशी मी लिहायला लावलं होतं. मला एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. तू इतक्यात काही कळवू नकोस. अजून दोन रविवार जळू देत. जळायला लागल्यापासून सकाळचा चहा हेच करतात.)