पान लागलं

२ ऑगस्ट १९७४, झरी

परभणीच्या कचेरीत जाऊन आलो. पुन्हा तोच अर्ज : सासरी सून अचानक गेली, तर डॉक्टरनं बघितल्याशिवाय सरण पेटवू नये. साहेब नवे, मुंबईकडचे. माझ्या शांताचा पंचनामा वाचून विचारतात, "पान लागून मयत म्हणजे? विड्याचं पान?" हसू आलं आणि रडूही. आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला की पान लागलं म्हणतात, ते सांगितलं. "मग झालं की. पाच पंचांच्या सह्या आहेत." सह्या आहेत हो, पण बघितलं कुणी? मी पाथरीला तिच्या सासरी पोचेपर्यंत लेकीची राख झाली होती.

"असा नियम नाही, गुरुजी." अहो, नाही म्हणून तर मागतोय!

५ ऑगस्ट

शाळा सुटली की खोली खायला उठते. भाकरी थापल्या, वेड्यावाकड्या. शांता असती तर म्हणाली असती, "आबा, ही भाकर हाय का हिंदुस्थानचा नकाशा?" एकच खाल्ली.

११ ऑगस्ट

सकाळी पोलीस पाटील दारात. "गुरुजी, चला. पंच पायजेत. मेंढरंवाल्या सोपानच्या सुनेला पान लागलंय. गेली." पोरगी कोवळी, कासाबाई नाव. जमादारानं पंचनामा लिहून तयारच ठेवलेला. म्हणालो, डॉक्टरांना बघू द्या, मग सही. जमादार भडकला, "आमी काय खोटं लिवायलोय?" सोपान पाया पडला. मी हटलो नाही.

मग ताडकळसहून तिची आई आली. माझाच हात धरला. "लेक गेली ती गेली, गुरुजी. तिला चिरू देऊ नका वो." म्हणालो, माझीबी अशीच गेली, बाई. तिला ऐकूच गेलं नसावं. बैलगाडीतून परभणीच्या दवाखान्यात नेलं. गाडीमागं ती चालत. मीही, पण लांबून.

१२ ऑगस्ट

सापच. टाचेवर दात उमटलेले, डॉक्टरांनी दाखवले. कुणी काही केलेलं नव्हतं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गावातलं कुणी जवळ उभं राहिना. पाटील येऊन बोललाच, "झालं समाधान? लेकरू चिरून घेतलं."

समाधान कसलं. लय वाईट वाटतंय. पण मनात हेवाही आहे, इथंच लिहितो. त्या माउलीला कळलं तरी. मला आता कुठून कळणार? राखेला काय विचारायचं?

रात्री जेवलो नाही.

१९ ऑगस्ट

कामानं ताडकळसला गेलो. बाजार होता. कासाची आई शेळी घेऊन उभी. मला बघून तोंड फिरवलं. बोलायची हिंमत झाली नाही, एस.टी.त जाऊन बसलो. तर खिडकीशी आली.

"गुरुजी, तुमच्या लेकीला खरंच पान लागलं व्हतं का?"

म्हणजे त्या दिवशी ऐकलं होतं तिनं.

"ठाऊक न्हाई, बाई."

शेळी ओढ घेत होती. मग म्हणाली, "मंग 'ठाऊक न्हाई' असंच लिवायचं व्हतं की त्या पंचांनी."

गाडी सुटली. परवा पुन्हा परभणी. साहेब भेटतील का, बघू. अर्जात तिचं हे वाक्य घालावं म्हणतो.