ॲम्पवरचा हात

बाबा,

तुमच्या ॲम्पला गिऱ्हाईक आलं आहे. रायपूरचा एक गिटार वाजवणारा आहे, जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प शोधत हिंडतो, रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल पोळी तव्यावर जळली. परवा शिकवणीतल्या मुलीला एकच धडा दोनदा शिकवला, आणि तिनंही बिचारीनं मुकाट्यानं दोनदा शिकून घेतला. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसले ती तुमची वस्तू विकायची वेळ आली म्हणून. लेक कशी आहे ते तुम्ही ओळखून होताच.

विकायचं कारण शहाणपणाचं आहे. रिसालीच्या या घरात मी आणि आई दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, ॲम्प हलवायला दोन माणसं लागतात, आणि माझी कंबर आता वाकायच्या आधी विचार करते. कार्यक्रमाला मी मॉडेलर नेते, तोच तो डिजिटल डबा, ज्याच्याकडे तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "याच्यात वाल कुठी हाय?" त्यात व्हॉल्व्ह नसतात बाबा. मोठमोठ्या ॲम्पचे आवाज त्यात नक्कल करून ठेवलेले असतात, एक वायर थेट हॉलच्या साउंडला जोडायची की झालं. ना वजन, ना घरघर, ना ऐन गाण्यात काही फुटायची भीती. सुंठीवाचून खोकला गेला. शिकवणीतली मुलं विचारतात, ताई, व्हॉल्व्ह घ्यायचा की मॉडेलर, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता सांगते, मॉडेलर घ्या. खोटं नाही सांगत. मागच्या आठवड्यात तुमच्या ॲम्पसमोर माईक ठेवून त्याचाही आवाज मी मॉडेलरमध्ये उतरवून घेतला, आता सोय आहे तशी. मग हेडफोन लावून बसले आणि आईला बटण दाबायला सांगितलं, कधी हा, कधी तो, मला न सांगता. ओळखायला गेले तर पाचातून तीन वेळा चुकले. आईनं स्वतः हेडफोन लावून पाहिला आणि निकाल दिला, "दोन्ही सारखेच बोंबलते." तीस वर्षं गिटार वाजवते मी, आणि मला माझ्या बापाचा ॲम्प ओळखता आला नाही. मग ठेवायचा कशाला?

तो बनला ते दिवस मला लख्ख आठवतात. कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टरचं आपलं क्वार्टर, माझी दहावीची सुट्टी. आपल्या मराठी मंडळाच्या लाउडस्पीकरचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प भंगारात निघाला होता, तो तुम्ही स्कूटरवर घालून आणला. घरात धड चालणारा प्लग पॉइंट एकच, तोही स्वयंपाकघरात, म्हणून ओट्याच्या अर्ध्या भागावर आईचं राज्य आणि अर्ध्यावर तुमचं. इकडे वरण उकळतंय, तिकडे तुम्ही झाळकाम करताय, आणि राळेचा तो धूर फोडणीत मिसळून घरभर पसरलाय. आई ओरडते, "भाजीत शिसं पडन तं मले नोका सांगू मंग." तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुह्या भाजीले तेवढीच चव येईन." मशीन ज्या पेट्यांतून येतात त्यांचं लाकूड आणून तुम्ही खोकं केलं, स्कूटरची सीट शिवणाऱ्याकडून काळं रेक्झिन चढवून घेतलं, आणि आत मोठा स्पीकर बसवला. बटण दाबलं तशा व्हॉल्व्हमधल्या तारा हळूहळू लाल झाल्या. मला कुठला धीर. मी लगेच गिटार जोडून तार छेडली, तर तुम्ही माझा हात धरला. "घाई कावून करून राहिली? पहिले तापू दे, मंग वाजव. थंड्यात वाजवलं तं त्याचं आयुष्य कमी होते." जन्मात तुम्ही मला रागावलात ते बहुतेक या एकाच गोष्टीवरून. तापेपर्यंत आपण दोघं ओट्याशी उभे राहिलो, आईनं आपल्या हातात मुरमुऱ्याची वाटी दिली, आणि मग मी वाजवलं. तुम्ही पंजा खोक्यावर ठेवून उभे होतात. मी विचारलं, कसं वाजतंय? तुम्ही म्हणालात, "तापलं का पाहून राहिलो."

हात ठेवायची तुमची ही खोड साऱ्या सेक्टरला माहीत होती. रोलिंग मिलमध्ये तुम्ही मेंटेनन्सला होता, आणि तिथल्या त्या गदारोळात कान लावून काही कळत नाही, बेअरिंग बिघडलं की नाही हे हात ठेवूनच पाहायचं, असं तुम्ही सांगायचा. पीठगिरणीत मला घेऊन गेला होतात तेव्हाची गोष्ट. दळण व्हायची वाट पाहताना तुम्ही सहज मोटरवर पंजा ठेवला आणि गिरणीवाल्याला म्हणालात, "भैया, बेअरिंग जा रहा है इसका." तो हसला. त्याच आठवड्यात गिरणी बंद पडली आणि तो आपल्या दारात उभा. मी त्याला ऐटीत पाणी नेऊन दिलं होतं. कान सगळेच लावतात, माझे बाबा हातानं ऐकतात, असं मी शाळेत सांगत फिरायचे. म्हणजे शब्द माझ्याच तोंडात होते बाबा. मला त्यांचा अर्थ तेवढा लागला नाही.

मग ऑर्केस्ट्रा सुरू झाला. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, वैशाली नगरात, कुणाच्या हळदीला, कुणाच्या गणपतीला. स्कूटरच्या पुढच्या जागेत ॲम्प, त्याला गुडघ्यांनी धरून तुम्ही, मागे गिटार पाठीला लावून मी. स्टेजवर माझ्या डाव्या हाताला ॲम्प आणि ॲम्पच्या शेजारी तुमची खुर्ची. मांडीवर आईचा जुना स्टीलचा डबा, त्यात तुमच्या फाटक्या बनियनमध्ये गुंडाळलेले जादा व्हॉल्व्ह, आणि उजवा पंजा खोक्यावर, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. लोक तुम्हाला ॲम्पवाले काका म्हणायचे. मला लाज वाटायची, सांगून टाकते. इतर मुलींचे बाप खाली बसून टाळ्या वाजवायचे आणि माझा बाप तापलेल्या तव्यावर लक्ष ठेवल्यासारखा स्टेजवर बसून राहायचा. घरी येताना तुम्ही दर वेळी एकच सांगायचा, "ते गाणं बेस झालं." ते, म्हणजे आईच्या आवडीचं, संथ चालीचं. ते आम्ही प्रत्येक कार्यक्रमात घ्यायचोच, तुमच्यासाठी म्हणून.

मॉडेलर घेतल्यावरचा पहिला कार्यक्रम मंडळाच्याच हॉलमध्ये होता, गणपतीतला, संध्याकाळचा. ॲम्प घरी ठेवला होता हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही व्हॉल्व्हचा डबा घेऊन आलात. सवयीनं स्टेजवर चढलात, माझ्या डावीकडे येऊन उभे राहिलात, आणि तुमचा हात त्या उंचीवर गेला जिथं खोकं असायचं. तिथं काहीच नव्हतं. मग तुम्ही गुडघ्यावर हात देत खाली वाकलात आणि माझ्या पायाशी ठेवलेल्या त्या छोट्या डब्यावर बोटं टेकवलीत. मी म्हटलं, "बाबा, काय करून राहिले?" तुम्ही म्हणालात, "तापलं का पाह्यतो." आणि मी, साऱ्या ऑर्केस्ट्रासमोर, मोठ्या कौतुकानं म्हणाले, "हे तापत नाही बाबा. आता हात लावायची गरजच नाही. तुमी खाली जाऊन आरामात बसा न." ढोलकवाला हसला. तुम्हीही हसलात. सावकाश उठलात आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसलात, डबा मांडीवर. वाजवताना मला दिसत होतं, तुम्ही समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर पंजा ठेवला होता. थोड्या वेळानं तिथं कुणी येऊन बसलं, तसा तुम्ही हात काढून घेतला आणि डब्यावर ठेवला. कार्यक्रम झाल्यावर बाहेर चपला घालता घालता म्हणालात, "ते गाणं बेस झालं." मी म्हटलं, "हो बाबा."

त्यानंतर तुम्ही आठ महिने होता. आठ महिन्यांत एकदा तरी ॲम्प लावून तुमच्यासमोर बसायला मला काय धाड भरली होती? ॲम्प पलंगाखाली होता, पंधरा पावलांवर. कार्यक्रम होते, शिकवण्या होत्या, त्या नव्या डब्यात रोज नवा आवाज सापडत होता आणि मी हेडफोन लावून त्यात बुडून गेले होते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त तारांची टिकटिक ऐकू यायची, आणि तुम्हाला तीही नाही. तुम्ही दारात येऊन उभे राहायचात, थोडा वेळ माझी बोटं पाहायचात आणि निघून जायचात. मग तो उन्हाळा आला, छातीत दुखल्याचं निमित्त झालं, आणि दोन दिवसांत सगळं संपलं.

क्वार्टर सोडताना आईनं तुमच्या कपाटातून मोज्यात गुंडाळलेलं कानाचं मशीन काढलं. "त्यायले ऐकू येत नोहतं," ती म्हणाली, "रिटायर व्हायच्या किती आधीपासून. मिलनं कान खाल्ले. डाक्टरनं हे देल्लं, दोन दिवस लावलं अन् ठेवून देल्लं. म्हने, पोरीची गिटार याच्यात टिनासारखी वाजते. हात ठेवला का बेस समजते." मी विचारलं, "मंग मले कावून नाही सांगतलं?" आई मोजा घडी करत म्हणाली, "म्हने, पोरगी माझ्यासाठी जोरात वाजवन. गाणं बिगडन तिचं." मी नवल वाटल्यासारखं केलं. मिलमधली सगळीच माणसं ओरडून बोलतात, म्हणून कधी लक्षात आलं नाही, असं काहीतरी म्हणालेही.

आज दुपारी मी कापूस घेतला आणि दोन्ही कानांत गच्च बसवला. वरून हेडफोन चढवले, नुसतेच. ॲम्प लावला आणि तापू दिला, तुम्ही सांगितलं तेवढा. गिटार आईच्या मांडीवर दिली. तिनं जन्मात तारेला हात लावलेला नाही. "मले नाही येत वो बापा," म्हणत होती, हे मला तिच्या ओठांवरून कळलं. मी खुणेनं सांगितलं, कसंही वाजव. आणि खोक्यावर पंजा ठेवला. लाकूड गरम होतं, तुम्ही आजारी असताना कपाळ लागायचं तसं. आई वाजवत होती आणि ते सगळं माझ्या तळहातात येत होतं, मनगटातून कोपरापर्यंत. पण बाबा, गाणं कळत नाही. सूर कळत नाही, चूक कळत नाही, कोणतं गाणं चाललंय त्याचा काही म्हणजे काही पत्ता लागत नाही. एवढंच कळतं की पलीकडे आपलं माणूस वाजवतंय, आणि थांबलं की कळतं थांबलं. इतकी वर्षं तुम्ही तेवढ्यासाठी बसत होता. मला रडू आलं तशी आईनं गिटार बाजूला ठेवली आणि पदरानं माझं नाक पुसलं, पंचेचाळीस वर्षांच्या बाईचं.

रायपूरच्या माणसाला मी फोन करून टाकला. विकायचा नाही असं सांगायला जीभ रेटली नाही, ॲम्प खराब झाला म्हणून सांगितलं. कार्यक्रमाला मी मॉडेलरच नेणार आहे, उगाच तुम्हाला खोटं वचन देत नाही, आणि मुलांनाही तोच घ्या म्हणून सांगणार. आवाजासाठी काहीच अडत नाही. ॲम्प इथं खिडकीपाशी राहील. हे पत्र कुठं पाठवणार? डब्यात व्हॉल्व्हवरचं तुमचं बनियन आहे, त्याच्याखाली ठेवते.

एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. मशीन पाहून मला नवल वाटलं नव्हतं, मला आधीच कळलं होतं, हॉलच्या बाहेर चपला घालताना. त्या दिवशी वेळ कमी पडला म्हणून ते गाणं आम्ही वाजवलंच नव्हतं, बाबा. तुम्ही बेस झालं म्हणालात, आणि मी हो म्हणाले.