दारापुढची वर्तुळं

ता. ३ फेब्रुवारी

चि. मासोळीस अ. उ. आ.

फोनवर तू जे रागावलीस त्यातलं मला निम्मंच ऐकू आलं, पण तेवढ्यानं काम भागलं. म्हणून हे पत्र. पत्रात तू मध्येच बोलत नाहीस.

तुझी अट मापाच्या वहीत लिहून ठेवली आहे. पाच मार्चच्या रविवारी तू येणार. पिल्लू, म्हणजे बटण, तोवर शी-शूला बाहेर जायला शिकलेलं असलं आणि घर कोरडं असलं, तर बाबांनी आपल्याकडे राहायला यावं हा विषय तू पुन्हा काढणार नाहीस. नाहीतर बटण तुझ्या मैत्रिणीच्या मळ्यावर आणि मी तुझ्याकडे, कारण तुमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. कबूल. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ‘उद्या या’ सांगण्यात गेली, या वेळी दिलेल्या तारखेला माल तयार ठेवणार आहे.

बटण आलं कसं ते तुला धड सांगताच आलं नाही. एका गिऱ्हाइकाची बदली झाली. तो कोट न्यायला आला आणि पिल्लू ठेवून गेला. पॉमेरेनियन जात, वजनाला माझ्या इस्त्रीपेक्षा हलकं. आल्या आल्या त्यानं टेबलाखालचं एक बटण गिळलं, म्हणून हे नाव. ते बटण दुसऱ्या दिवशी परत मिळालं, कुठे ते विचारू नकोस.

मूर्ती लहान पण कीर्ती महान. पहिल्याच दिवशी सात तळी. पण मीही हट्टाला पेटलो आहे. जिथे ओलं दिसेल तिथे पुसून शिवणाच्या खडूनं वर्तुळ काढतो आणि आत वेळ लिहितो. शत्रू कुठून येतो ते आधी कळलं पाहिजे. शिवाय वर्तमानपत्राची एक सुरळी करून हाताशी ठेवली आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. माझी काळजी करू नकोस, लोभ मात्र कर.

तुझा,
बाबा


ता. ९ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आधी ती सुरळी रद्दीत टाका. मी पोहायला शिकवते त्या उथळ तलावात पाच-पाच वर्षांची बावीस मुलं असतात. घाबरलेलं मूल पाणी गिळतं, शिकत काहीच नाही. पिल्लाचंही तेच. ओरडलात तर ते एवढंच शिकेल, की तुमच्यासमोर करायचं नाही. मग कपाटामागे करेल आणि तुम्ही खडू घेऊन कपाटं सरकवत बसाल, त्या गुडघ्यानं.

एवढ्याशा जातीचं मूत्राशयही एवढंसंच असतं, लिंबाएवढं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी त्याला बाल्कनीत न्या. नेऊन वाट बघा. केलं की त्याच क्षणी शाबासकी द्या, मागाहून दिलेली त्याला कळत नाही. जुन्या जागा व्हिनेगर घालून पुसा, नाहीतर वासावर ते पुन्हा तिथेच जाईल.

आणि बाबा, मी त्या पिल्लाची वैरीण नाही. गेल्या वर्षी तुम्ही जिन्यात पडलात, तेव्हापासून तुमच्याकडचा फोन आला की मी हातातलं सगळं टाकून आधी तो उचलते. दिवसभर दुसऱ्यांची मुलं बुडू नयेत म्हणून काठावर उभी असते आणि तुम्ही तिकडे एकटे. म्हणून ती अट.

गुडघ्याला शेक देता ना? तब्येतीचं सगळं खरं कळवत जा. लोभ आहेच, तो सुरळीशिवाय वाढू द्या.

तुमची,
मासोळी


ता. १९ फेब्रुवारी

चि. मासोळीस अ. उ. आ.

सुरळी टाकली. गजराचं घड्याळ मशीनशेजारी ठेवलं आहे, दर दोन तासांनी ते बोंबलतं. मी हातातलं काम खाली ठेवतो आणि आमची वरात बाल्कनीत निघते. तिथे जुन्या ट्रेमध्ये माती घालून गवत लावलं आहे. बटण आधी प्रत्येक पातीचा वास घेतं, मग आकाश बघतं, मग माझी चप्पल चावतं आणि अगदी शेवटी कामाला लागतं. मी डोळ्यांत तेल घालून उभा.

परवा एक साहेब नवी पँट घालून आरशासमोर उभे होते आणि मी बाल्कनीतून मोठ्यानं शाब्बास, किती छान म्हणालो. त्यांना वाटलं त्यांनाच. फार खूश झाले, तशीच दुसरी बेतायला सांगून गेले.

सोबत घराचा नकाशा पाठवत आहे. खाकी कागदावर, फुटाला अर्धा इंच, मापात चूक नाही. पहिल्या आठवड्याची वर्तुळं बघ, घराला देवी आल्यासारखी दिसतात. दुसऱ्या आठवड्यात अर्धीच. चौदा तारखेनंतर बाहेरच्या खोलीत एक नाही, स्वयंपाकघरात एक नाही. आता फक्त बाथरूमच्या दारापुढे, चिंध्यांच्या सतरंजीवर. हत्ती गेला, शेपूट राहिलं. बटण त्या एकाच जागेचा हट्ट का धरतं, समजत नाही. पण तेही ठिकाणावर आणतो.

गुडघा बरा. बाकी सगळं ठीक. लोभ तिकडेही तारखेवारी चालू असेलच.

तुझा,
बाबा


ता. २४ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

नकाशा फ्रिजवर लावला आहे. तुमच्या जावईबापूंनी टेप घेऊन तुमची मापं तपासली आणि हात जोडले. खरं सांगू, तुम्ही इतकी मजल माराल असं मला वाटलं नव्हतं.

पण मी काठावर उभं राहून मोजणारी बाई आहे. दारापुढे नऊ वर्तुळं आहेत. बाकीची कमी होत गेली आणि ही वाढत गेली. खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, सतरंजी रोज कठड्यावर वाळत असते आणि पाणी त्यांच्या कुंड्यांत गळतं. मी जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारलं. बाल्कनीत नेमानं जाणारं पिल्लू एकाच जागी रोज असं करत नाही म्हणाले, केलंच तर वासामुळे. ती सतरंजी फेकून द्या.

तरीही थांबलं नाही, तर बाबा, मी शब्द फिरवणार नाही. मैत्रिणीनं मळ्यावर बटणासाठी टोपली तयार ठेवली आहे. तुमच्या खोलीला आम्ही रंग दिला आहे, खिडकीपाशी मशीन बसेल एवढी जागा ठेवून. मला जिंकायची हौस नाही. तुम्ही जवळ हवे आहात, एवढंच.

रागावलात तरी लोभ चालू ठेवा. रविवारी भेटूच.

तुमची,
मासोळी


ता. २७ फेब्रुवारी

चि. मासोळीस अ. उ. आ.

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. आता एका बैठकीत लिहितो.

काल मुख्याध्यापिकाबाई वर आल्या. सतरंजी ओली होती. त्या कुत्र्याला बोलल्या, मग मला बोलल्या, की लाडानं डोक्यावर चढवून ठेवलंय. मी बटणाला उचललं, त्याचं नाक सतरंजीवर टेकवलं आणि ओरडलो. त्यांना दिसावं म्हणून जास्तच ओरडलो. त्यानं सतरंजीकडे पाहिलंसुद्धा नाही, ते माझ्याकडे बघत होतं. आणि भीतीनं त्यानं तिथल्या तिथे केलं. बाई म्हणाल्या, बघा, हेच म्हणत होते मी.

तेव्हापासून ते मशीनखाली बसून आहे. गजर झाला की येत नाही. मी खोलीतून गेलो की मगच बाल्कनीत जातं.

ती नऊ वर्तुळं माझी आहेत. डिसेंबरपासून असं होतं. मशीनवर बसलेलं असताना एकदम घाई होते, गुडघा सरळ होईपर्यंत उशीर होतो आणि दार दोन पावलांवर राहतं. आधी मी घरात एकटाच होतो, कुणाला कळायचं कारण नव्हतं. मग पिल्लू आलं आणि ओल्याला धनी मिळाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी माझ्या हातानं केलं, वर त्यात वेळ लिहून तुला नकाशा पाठवला. मला स्वतःची लाज वाटते, पण सतरंजीची नाही, त्या ओरडण्याची.

हे कळल्यावर तू मला इथे ठेवणार नाहीस, ते जाणून लिहितो आहे. मी येतो. सामान बांधायला घेतलं आहे. पण बटणाला मळ्यावर टोपलीत ठेवू नकोस. जिथे माणसं घरात असतात असं घर बघ आणि त्यांना सांग, की हे चौदा तारखेपासून एकदाही चुकलेलं नाही. कालचं धरू नकोस, ते माझ्या खात्यावर. त्यानं शिकून दाखवलं आहे, हरलो तो मी.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
बाबा


ता. २ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

बांधलेलं सामान सोडा.

तुमचं पत्र तलावावर आलं. कपडे बदलायच्या खोलीत बसून वाचलं आणि तिथेच रडले. तुमच्यावर रागावून, आणि त्याहून जास्त माझ्यावर. घर ओलं दिसलं तर तुम्हाला उचलून नेईन अशी अट मी घातली, म्हणजे मला सांगायची वाट मीच बंद केली. ती अट मागे घेते. बटण पास झालं आहे. राहायला यायचा विषय तुम्ही काढलात तरच निघेल.

हे पत्र कुरियरनं उद्या सकाळी पोचेल, आणि मीही रविवारी नाही, उद्या संध्याकाळीच येते आणि आठवडाभर राहते. सोमवारी सकाळी नऊला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. माझ्याकडे वयस्कर माणसांचाही पोहण्याचा वर्ग असतो, त्यातली निम्मी माणसं या त्रासाची आहेत आणि औषधानं, व्यायामानं त्यांना फरक पडला आहे. तुम्ही तीन महिने गप्प बसलात, हेच तेवढं वाईट केलंत. दोन तासांचा गजर आता तुमच्यासाठीही आहे. मशीन आपण बाथरूमच्या भिंतीला लावू. मुख्याध्यापिकाबाईंशी मी बोलेन. त्यांना कुत्र्याची माफी मागायला लावणार नाही, पण कुंड्या धुऊन देईन.

बटणासाठी घाई करू नका. जमिनीवर बसा, गुडघा दुखला तरी बसा, आणि ते येईपर्यंत काही बोलू नका.

आणखी एक. मी आठ वर्षांची होईपर्यंत माझं अंथरूण ओलं व्हायचं. शाळेची सहल निघाली तेव्हा मी जाणार नाही म्हणून अडून बसले होते. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. माझ्या दोन चड्ड्यांना आतून जाड अस्तर शिवलंत, वरून टीपसुद्धा दिसणार नाही असं, आणि बॅगेत घालून दिलंत. तीन दिवस मी सगळ्यांबरोबर राहून आले आणि कुणाला कळलं नाही. आईलाही तुम्ही सांगितलं नव्हतंत.

अस्तराचं तसंच जाड कापड घेऊन येते आहे. स्वतःची मापं घेऊन ठेवा.

तुमची,
मासोळी